पान त्रेसष्ट, ओळ नववी

पनवेल, ४ जानेवारी २०२५

प्रणित,

वर ‘प्रिय’ राहून गेलेलं नाही, मी ते लिहिलेलंच नाही. पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, माझ्या हातून शब्द गळत नाही. सदतीस वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. पत्ता उरणच्या कोळीवाड्याचा, जुनाच घातला आहे. तुझा मोबाइल नंबर मिळाला असता, पण तो कुणाकडे मागितला की कशाला हवाय असं विचारतात, आणि मला चौकशा करायला आवडतं, सोसायला नाही.

सरळ विचारतो. ‘राजधानी पनवेल’ ही कादंबरी तू लिहिली आहेस का?

वाचनालयात रुचिरा म्हणून नवी ग्रंथपाल आली आहे. गेल्या महिन्यात तिनं हे पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. “काका, तुमच्या आवडीचं आलंय बघा, जर-तरवालं.” लेखकाचं नाव भरतीकर. नुसतं भरतीकर. आद्याक्षरं नाहीत, फोटो नाही, मागच्या पानावर दोन ओळींचा परिचयसुद्धा नाही. ज्याला नाव लपवावंसं वाटतं त्यानं काहीतरी केलेलं असतं, हे माझं मत तुला ठाऊक आहे.

तू लिहिलंच नसशील तर सांगतो यात काय आहे. लिहिलं असशील तर माझी जिरवल्याचा आनंद पुन्हा एकदा घे. सुभानजी तांडेल नावाचा कुणी कल्पित आरमारी सरदार पनवेलच्या खाडीत तळ देऊन आहे. एका सकाळी त्याचं आरमार वेळेवर निघतं आणि तिथून सगळा इतिहास कूस बदलतो. मुंबई वाढतच नाही. सात बेटं, नारळ आणि मच्छर, बस. राजधानी होते पनवेल. कळंबोलीला तोफा ओततात, कोनला टपालाचे घोडे बदलतात, आणि मुंबईचे गरजू लोक पनवेलात एखादी खोली मिळेल का म्हणून दलालांच्या पाया पडतात. मी हसलो. मोठ्यानं हसलो, रुचिरानं बोट ओठावर ठेवलं.

पण हा खेळ कुणाचा होता? दर शनिवारी वाचनालयातून एक ऐतिहासिक कादंबरी उचलायची, बंदराच्या धक्क्यावर बसून आळीपाळीनं वाचायची, आणि शेवटी त्यातला एकच प्रसंग बदलून पुढे काय झालं असतं ते सांगायचं. दूत वेळेवर पोहोचला असता तर. गडाचा दरवाजा उघडा राहिला असता तर. हा खेळ तुझा आणि माझा होता. माझी धाकटी बहीण रमा मागून येऊन चिकटली, तेव्हा तू लगेच सरकून जागा करून दिलीस. मी पाहिलं होतं.

आता मुद्द्याचं. पान त्रेसष्ट, ओळ नववी: ‘त्या सकाळी सुभानजीनं भांग घेतली नाही, म्हणून आरमार वेळेवर निघालं.’

इतर वाचकांना ही ओळ काहीच नाही. ती माझ्यासाठी घातली आहेस. तुला कुणी काय सांगितलं? आणि कधी?

उत्तर पाठव. टाळलंस तर तोही जबाबच समजेन.

दिनानाथ


पनवेल, २२ जानेवारी २०२५

प्रणित,

अठरा दिवस झाले, उत्तर नाही. टपाल खात्यावर माझा विश्वास नाही, पण तुझ्यावर त्याहून कमी आहे, म्हणून दुसरं पत्र.

मी स्वस्थ बसलेलो नाही. पुस्तक वाचनालयाला कुणी दिलं ते रुचिराला विचारलं. ती म्हणते, पेटीत पडलेलं सापडलं, आत चिठ्ठी नाही. प्रकाशकाला फोन लावला, तर तिकडून एक मुलगी म्हणाली, “लेखकांची इच्छा आहे सर, नाव सांगू नये अशी.” लेखकांची! आदरार्थी बहुवचनात बाई लपली आहे की बुवा, तेही कळू देत नाहीत. आमच्या सोसायटीचा चेअरमन धनेश यालाही पडताळून पाहिलं, कारण त्याच्या बोलण्यात हल्ली आरमार फार येतं. तो निर्दोष आहे. त्यानं पुस्तक वाचलेलंच नाही, नुसतं समाजमाध्यमावर चित्र टाकलंय.

घरातही काही ठीक नाही. रमा दोन वर्षांपूर्वी नाशिकहून परत आली. मेहुणे गेले, तिची मुलगी आभा लग्न होऊन बंगळूरला, म्हणून म्हटलं एकटी राहू नकोस, ये. आली. पण मी खोलीत शिरलो की लॅपटॉप मिटते. कुरिअरवाला आला की माझ्याआधी दारात. मला वाटतं कुणीतरी तिला ऑनलाइन गंडवतंय, नाहीतर ती मला न सांगता नाशिकला परत जायचं ठरवते आहे. हे दुसरं खरं असेल तर मला ते सहन होणार नाही. या घरात माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नाही. हे तुला का सांगतोय कोण जाणे.

परवा मी तिला मुद्दाम डिवचलं. “तुला या जर-तरच्या पुस्तकांत एवढं काय दिसतं गं? सगळं खोटं.”

ती मटार सोलत होती. म्हणाली, “दादा, खऱ्या इतिहासात शेवट ठाऊक असतो. तरी मी प्रत्येक वेळी वाचताना मनात म्हणतेच, या खेपेला तरी दूत पोहोचू दे. जर-तरवाला लेखक माझं ऐकतो, एवढंच.” आणि पुढची शेंग फोडत, “शिवाय त्यात कुणाला दोषी धरावं लागत नाही. एक पेला इकडचा तिकडे ठेवला की झालं.”

पेला म्हणाली ती. मी तिच्याकडे पाहिलं, ती मटारकडे पाहत होती.

तेव्हा तूच ऐक. ८८ साली तुझ्या बाबांचं आमच्याकडे रमाला मागणी घालायला यायचं ठरलं होतं. आमच्या वडिलांना, नानांना, मुळात ते स्थळ पसंत नव्हतं. कचेरीतले हेडक्लार्क, जात बघणारा माणूस. पण रमानं दोन दिवस जेवण सोडलं तेव्हा म्हणाले, रविवारी अकरापर्यंत येऊ देत, बोलू. तुम्ही आला नाहीत. त्याऐवजी आदल्या दिवशी तुझी चिठ्ठी आली. ती मी नानांच्या हातात दिली, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. आठ दिवसांनी तू आलास तेव्हा रमा आत्याकडे नाशिकला गेलेली होती, आणि मी दारात तुला सांगितलं की तिचा विचार बदलला. बस. यात पुस्तक लिहून उट्टं काढण्यासारखं काय आहे?

नववी ओळ कुणासाठी, ते सांग.

दिनानाथ


पनवेल, ९ फेब्रुवारी २०२५

प्रणित,

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. तपासायला घेतल्यासारखं, आधी अक्षर, मग शब्द, मग अर्थ. अर्थाला पोहोचायला मला नेहमीच उशीर होतो असं नाही. कधीकधी मी मुद्दाम करतो.

तू लिहितोस: ‘दिनू, पुस्तक नातीनं मागवून दिलं, वाचलं. मी लिहिलेलं नाही. मी लिहिलं असतं तर त्रेसष्ट पानावर ती चूक राहिली नसती. कोळ्याचं आरमार भांगामुळे अडतं, भांगेमुळे नाही. भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मरतुकडी भरती. खाडीत पाणी चढत नाही, मोठी होडी गाळात बसते. हे तुला मीच धक्क्यावर दाखवलं होतं. तू वहीत लिहून घेतलं होतंस. ज्यानं पुस्तक लिहिलंय त्याला शब्द ऐकून ठाऊक आहे, अर्थ ठाऊक नाही. म्हणून आता मी तुला विचारतो. त्या शनिवारी मी चिठ्ठी धाडली होती, “उद्या भांग आहे. बाबा निघणार नाहीत. आठ दिवसांनी येतो.” तुमच्या घरात ती कुणी वाचली? आणि काय म्हणून वाचली?’

आणि खाली: ‘बाबांनी नवी होडी नुकती पाण्यात सोडली होती. त्यांचा हट्ट, मागणीला तिच्यातनंच जायचं. मी म्हटलं एस.टी.नं जाऊ, तर म्हणाले, “येष्टीत बसून पोर मागाया जायाचं? आमी नाय.” ते गेले त्याला अकरा वर्षं झाली. आई पंच्याऐंशीची आहे. अजून म्हणते, “पोरीनं नाय म्हटला त्याचं मला वाईट नाय. पन का नाय, ते एकदा सांगाया पायजे होतं.”’

आधी मी तुला एक उत्तर लिहिलं होतं. त्यात होतं की हा शब्द मला तेव्हा ठाऊक नव्हता, गावाकडचे शब्द शहरातल्या माणसाला काय कळणार, वगैरे. दीड पान झालं. मग माळ्यावरचा डबा काढला आणि ती जुनी वही शोधली. सापडली. ‘भांग (पुल्लिंगी): लहान भरती. उधाणाच्या उलट. उदा. आज भांग आहे.’ माझंच अक्षर. तारीख सत्त्याऐंशीची. ते दीड पान फाडलं.

आता खरं ते.

चिठ्ठी नानांनी मोठ्यानं वाचली. “उद्या भांग आहे, बाबा निघणार नाहीत!” दोनदा वाचली. मग म्हणाले, “मागणीच्या दिवशी बाप भांग ढोसून पडणार, आणि ते हे आदल्या दिवशी कळवतात! व्यवस्थित माणसं आहेत!” रमा दारात उभी होती. तिनं नानांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. “दादा, तू त्याच्याबरोबर धक्क्यावर बसतोस. भांग म्हणजे काय?”

मी म्हणालो, “लिहिलंय तेच.”

खोटं बोललो नाही, अशी मी सदतीस वर्षं स्वतःची समजूत घालतो आहे. ‘आहे’ या क्रियापदाला लिंग नाही. तू ‘भांगाचा दिवस’ लिहिलं असतंस तर नानांनाही कळलं असतं, ‘भांगेचा’ असतं तर मलाही बोलता आलं नसतं. तू ‘आहे’ लिहिलंस आणि मला लपायला जागा झाली.

का केलं, हे विचारशीलच. जातीमुळे नाही, ते नानांचं होतं. त्याच्या चार दिवस आधी मला रमाच्या उशाखाली एक वही सापडली. एक ओळ तुझ्या अक्षरात, एक तिच्या. खाडी, तांडेल, राजधानी पनवेल. आपला शनिवारचा खेळ तुम्ही दोघं मला वगळून खेळत होतात. मी वही परत ठेवली आणि कुणाला काही बोललो नाही. मला वाटलं, लग्न झालं की धक्क्यावर मी तिसरा. मित्रही गेला आणि बहीणही. एवढंच होतं रे. आता लिहिताना ते इतकं क्षुल्लक दिसतं की लाज वाटते.

म्हणजे ‘राजधानी पनवेल’ दोघांची होती हे मला पहिल्या पानापासून ठाऊक होतं. तरी मी तुझ्यावर संशय घेतला, धनेशवर घेतला, रुचिरावरसुद्धा घेतला. शेजारच्या खोलीवर तेवढा घेतला नाही. तिथे घेतला असता तर नववी ओळ वेगळी वाचावी लागली असती. मी ती तुझा टोमणा म्हणून वाचली. ती टोमणा नाही. ज्याला शब्द ऐकून ठाऊक आहे आणि अर्थ ठाऊक नाही असं माणूस आता एकच उरलंय. नाना गेले. ती या क्षणी स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजते आहे.

तिनं तुला पुस्तकात माफ केलंय, प्रणित. तुझ्या बाबांनासुद्धा. न केलेल्या गोष्टीबद्दल.

तिला सांगितलं तर ती जाईल. न सांगितलं तर ती इथेच राहील, दुपारचा चहा देईल, मला दादा म्हणेल. काय करू, असं तुला विचारणार होतो. तुला विचारायचा हक्क मला नाही, हे लिहितानाच कळलं.

दिनू


पनवेल, २१ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रणित,

या वेळी ‘प्रिय’ लिहिलं आहे. नको असेल तर खोड.

आज सकाळी सांगितलं. बारा दिवस लावले. रोज चहाच्या वेळी तोंड उघडायचो आणि म्हणायचो, साखर कमी आहे. आज ती म्हणाली, “दादा, साखर बरोबर आहे. काय बोलायचंय ते बोल.” मी तुझं पत्र आणि माझी सत्त्याऐंशीची वही तिच्यापुढे ठेवली.

तिनं आधी तुझं पत्र वाचलं, मग वहीतली ओळ. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

“शाळेत पाठ केलं होतं मी हे,” म्हणाली. “भांगाची भरती, उधाणाची भरती. दोन गुण मिळाले होते. पण नाना ओरडत असताना भूगोल कुठला आठवायला. म्हणून तर तुला विचारलं.”

“हो.”

“तुला विचारलं होतं मी.”

“हो.”

“आणि तुला ठाऊक होतं.”

मी पुन्हा हो म्हणालो. माफ कर म्हणायचं ठरवून ठेवलं होतं, ते राहूनच गेलं. ती रडली नाही. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, हे तिला ठाऊक असावं.

वही मिटून म्हणाली, “माझा संसार वाईट नव्हता झाला, दादा. हे माणूस म्हणून चांगले होते. तो हिशेब मी कधीच सोडून दिला. पण इतकी वर्षं मी मनात एका म्हाताऱ्या माणसाला पिऊन पडलेला बघत आले. नवी होडी सजवून पाण्याची वाट बघत बसला होता तो माणूस.” मग तिला रडू फुटलं. तुझ्या बाबांसाठी फुटलं, आमच्यापैकी कुणासाठी नाही.

उठून तिनं लहान पिशवी भरली. मी विचारलं, कुठे निघालीस.

“उरणला. प्रणितच्या आईला, सोनाबाईंना, कारण सांगायचंय. एकदा सांगायला हवं होतं म्हणतात ना त्या.”

“मी येऊ?”

“नको.”

“रिक्षा बोलावू? कशानं जाणार?”

“येष्टीनं,” ती म्हणाली. दारात चपला घालता घालता कॅलेंडरकडे बोट दाखवलं. “आज अष्टमी. भांग आहे.”

मी विचारलं, परत येशील ना. ती म्हणाली, ते मला अजून ठाऊक नाही. तिनं खोटं सांगून माझी समजूत घातली नाही, आणि ते मला तिच्याकडून नवीनही नाही. जाण्याआधी खोलीतून एक जाड पाकीट आणून टेबलावर ठेवलं. ‘राजधानी पनवेल’, दुसरी आवृत्ती, मुद्रितं. कुरिअरवाला आणत होता ते हे.

“तपासून ठेव,” म्हणाली. “आणि या वेळी नुसतं लिहिलंय तेच वाचू नकोस.”

हे पत्र तुला मिळेल तोवर ती तुमच्याकडे येऊन गेली असेल. किंवा राहिली असेल, मला कळवलं नाहीत तरी चालेल. मुद्रितं दुपारपासून तपासतो आहे. सगळ्या पुस्तकात मिळून अकरा चुका निघाल्या, दहा किरकोळ. पहिल्या आवृत्तीच्या उरलेल्या प्रतींत चिकटवायला एक चिठोरं करून सोबत ठेवलं आहे. छापायचं की नाही ते लेखिका ठरवील. तिला वाचून दाखव, आईंनाही दाखव.

दिनू

शुद्धिपत्र

पान ६३, ओळ ९: ‘त्या सकाळी सुभानजीनं भांग घेतली नाही’ याऐवजी ‘त्या सकाळी भांग नव्हता’ असे वाचावे. शब्द पुल्लिंगी आहे. त्या सकाळी कुणीही प्यायलेले नव्हते. चूक लेखिकेची नाही, मुद्रितशोधकाची आहे. त्याला अर्थ ठाऊक होता.